‘असं कशामुळे झालं?’ लैंगिक कल जन्मजात की घडवलेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर समलैंगिक मुलामुलींच्या पालकांच्या एका छोट्या गटात जाऊन बसते. महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी, चहा-पोह्यांवर. नवीन आलेले पालक पहिला अर्धा तास गप्प असतात आणि मग जे विचारतात ते जवळजवळ ठरलेलं असतं. दर वेळी तेच बोलून घसा बसायला लागला, म्हणून लिहून काढलं. प्रश्न लोकांच्या तोंडचे आहेत तसेच ठेवलेत.

फार पाल्हाळ नको. जन्मजात की नाही, एवढंच सांगा.

एका शब्दात सांगता आलं असतं तर शास्त्रज्ञांची दीडशे वर्षं वाचली असती. आजवरच्या संशोधनातून बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं ते असं: आपल्याला पुरुष आवडावेत की स्त्रिया, हे कुणी ठरवून निवडत नाही. आईवडिलांच्या वागण्यामुळे किंवा संगतीमुळे ते ठरतं, याला धड पुरावा नाही. जन्माआधीच्या गोष्टींचा, म्हणजे जनुकं, गर्भातली संप्रेरकं (हार्मोन्स) आणि गर्भ वाढतानाचे योगायोग यांचा वाटा असल्याचे पुरावे आहेत. पुरुषांच्या बाबतीत जास्त, स्त्रियांच्या बाबतीत कमी. नेमकं यंत्र कसं चालतं हे अजून कुणालाही उलगडलेलं नाही.

‘निवडलेलं नाही’ आणि ‘जन्मजात आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि आपण ती सारखी एकात एक मिसळतो. मराठी घेऊन कुणी जन्माला येत नाही. पण ती आपण निवडलेलीही नसते. चाळीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या माणसालाही ठेच लागली की तोंडातून ‘आई गं’च निघतं. तेव्हा उद्या कुणी सिद्ध केलं की लैंगिक कल जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ठरतो, तरी तो ‘आवडीनिवडीचा’ किंवा ‘समजावून सुटणारा’ होत नाही.

आमचं काय चुकलं?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्याच पोटातले.

एक गृहस्थ आले होते, साठीच्या आसपासचे, सांगलीकडचे. पिशवीतून त्यांनी दोनशे पानी वही काढली. मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते: डावीकडे ‘माझ्या चुका’, उजवीकडे ‘हिच्या चुका’. एकुलता एक म्हणून फार लाड. आठवी ते दहावी मामाकडे ठेवला. भरतनाट्यमच्या क्लासला पाठवला. बदलीच्या नोकरीमुळे बाप घरात नाही. तीन-चार पानं भरली होती, नीट अक्षरात, प्रत्येक नोंदीपुढे साल. त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. उजवा रकाना डाव्यापेक्षा लांब होता.

त्या वहीतल्या कल्पना त्यांच्या डोक्यातून आलेल्या नाहीत, त्यांना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांनी ‘आई चिकटून राहणारी, बाप दूरचा’ असा साचा पक्का केला. आयर्व्हिंग बीबर यांचं १९६२ सालचं काम त्यातलं सर्वांत गाजलेलं. १०६ समलैंगिक पुरुष त्यात होते, पण सगळे मानसोपचार घेणारे रुग्ण. आणि प्रश्नावल्या भरल्या त्या रुग्णांनी नव्हे, त्यांच्या उपचारकांनी, ज्यांचा सिद्धान्त आधीच तयार होता! माझ्या बारावीच्या मुलांनी असा प्रयोग जर्नलमध्ये लिहिला असता तर मी लाल शाईनं परत केला असता.

पुढे १९८१ मध्ये लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्से इन्स्टिट्यूटच्या बेल, वाइनबर्ग आणि हॅमरस्मिथ यांनी सॅन फ्रान्सिस्को भागातल्या सुमारे दीड हजार माणसांच्या सविस्तर मुलाखतींवरून हाच साचा तपासला. आईबापांच्या वागण्याचा परिणाम जवळपास शून्यावर आला. बापाशी दुरावा काहींच्या बाबतीत होता, पण बहुधा उलट्या क्रमानं: मुलगा चारचौघा मुलांसारखा वागत नाही म्हणून बाप दूर गेला. भरतनाट्यमचंही तसंच समजा. काही मुलांचा ओढा आधीच तिकडे असतो, म्हणून ते क्लासचा हट्ट धरतात. (आणि सगळ्यांचा नसतो. आमच्या गटात एका माउलीचा मुलगा जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलाय. त्याच्या आईनं काय लिहावं वहीत?)

‘गे जीन’ सापडला असं पेपरात वाचलं होतं. मग टेस्ट का होत नाही?

पेपरात आलं ते १९९३ साली. डीन हेमर यांच्या गटानं समलैंगिक सख्ख्या भावांच्या ४० जोड्या तपासल्या. आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्राच्या टोकाचा एक तुकडा त्यांतल्या ३३ जोड्यांमध्ये दोन्ही भावांत सारखा निघाला. निव्वळ योगायोग असता तर २० निघाले असते. जनुक असं काही हातात आलंच नव्हतं, फक्त गुणसूत्रावरचा एक मोहल्ला सापडला होता. मथळे मात्र लागून गेले. १९९९ मध्ये कॅनडातल्या ५२ जोड्यांवर तेच करून पाहिलं तर काही निघालं नाही. २०१५ मध्ये चारशेहून जास्त जोड्यांवर केलं तेव्हा त्याच भागाकडे, आणि आठव्या गुणसूत्राकडेही, पुन्हा बोट गेलं.

मग २०१९ चा मोठा अभ्यास आला. सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांची जनुकीय माहिती, ब्रिटन आणि अमेरिकेतली. समलिंगी संबंध आयुष्यात कधी आले का, या प्रश्नाशी खात्रीनं जोडता येतील अशा फक्त पाच जागा सापडल्या. आणखी हजारो बारीक जागांचा मिळून वाटा मोजला तर तो ८ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान. पण एखाद्याचं रक्त घेऊन तो समलैंगिक आहे का हे सांगायचं म्हटलं तर त्या पाच जागा पूर्ण कुचकामी. त्यांनी एक टक्कासुद्धा फरक सांगता येत नाही. ‘गे जीन नाही’ असा मथळा तेव्हा लागला. तोही अर्धवटच. उंचीचा तरी एक जीन कुठे आहे? म्हणून उंची आनुवंशिक नाही असं कुणी म्हणत नाही. आणि एक लक्षात घ्या: ‘कधीतरी संबंध आले का’ आणि ‘कुणाकडे ओढ वाटते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अभ्यासानं विचारला तो पहिला. शिवाय त्यातली माणसं युरोपीय वंशाची. आपण त्यात नाहीच.

जुळ्यांमध्ये एक समलैंगिक आणि दुसरा नाही, असं असतं म्हणे. मग जन्मजात कसं?

असतं. किंबहुना तेच जास्त असतं.

१९९१ मध्ये बेली आणि पिलार्ड यांनी समलैंगिक पुरुषांचे जुळे भाऊ शोधले. एकबीज जुळ्यांमध्ये, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्यांमध्ये, दुसराही समलैंगिक निघाला ५२ टक्के वेळा. द्विबीज जुळ्यांमध्ये २२ टक्के. दत्तक भावांमध्ये ११. पायऱ्या अगदी हव्या तशा उतरत्या. पण माणसं गोळा केली होती समलैंगिकांच्या मासिकांत जाहिरात देऊन. ज्याचा जुळा भाऊही ‘तसाच’ आहे तो उत्साहानं फोन करणार, ज्याचा नाही तो कशाला करेल! पुढे बेलींनीच ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून, जाहिरात न देता, तेच मोजलं. काटेकोर व्याख्येनं एकबीज पुरुषांचा आकडा २० टक्क्यांवर आला. स्वतःचा आकडा स्वतःच खाली आणला, याचं मला फार कौतुक आहे.

स्वीडनमधल्या २०१० च्या अभ्यासात ३,८२६ जोड्या होत्या. पुरुषांमध्ये माणसामाणसांतल्या फरकाचा ३४ ते ३९ टक्के भाग जनुकांकडे गेला. दोघांनी एकत्र अनुभवलेल्या वातावरणाकडे, म्हणजे तेच आईवडील, तेच घर, तीच शिस्त, तेच संस्कार, यांच्याकडे गेला शून्य. उरलेला ६० टक्क्यांहून जास्त भाग ‘प्रत्येकाच्या स्वतंत्र परिस्थिती’कडे.

इथं थांबून वाचा, कारण सगळा घोळ या एका शब्दानं केलाय. आनुवंशशास्त्रात ‘परिस्थिती’ किंवा ‘पर्यावरण’ म्हणजे जनुकं सोडून बाकी सगळं. गर्भाशयात कुणाला जागा कमी मिळाली, कुणाच्या वारेला रक्त जास्त, पेशींची विभागणी होताना झालेली उलटसुलट, मोजमापातल्या चुका, सगळं त्याच गाठोड्यात. त्यातल्या कशालाही आपण रोजच्या बोलण्यात ‘वातावरण’ म्हणणार नाही. टीव्हीवरचा पाहुणा मात्र ‘साठ टक्के पर्यावरण’ असं वाचतो आणि ऐकणारी आई ते ‘साठ टक्के मी’ असं ऐकते. तिच्या वाट्याचा खरा आकडा त्याच कोष्टकात शेजारी लिहिलेला असतो: शून्य.

आमचा हा तिसरा मुलगा, शेंडेफळ. थोरले भाऊ असले की असं होतं का?

ऐकलंय ते निराधार नाही. कॅनडातले रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगर्ट यांनी १९९६ पासून मांडलेलं निरीक्षण आहे: प्रत्येक थोरल्या सख्ख्या भावामागे धाकट्याची समलैंगिक असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशानं वाढते. थोरल्या बहिणींनी तेवढा फरक पडत नाही. २००६ मध्ये बोगर्टनी सावत्र आणि दत्तक भाऊ वेगळे काढून पाहिले. एकाच घरात वाढलेल्या, पण दुसऱ्या आईच्या पोटच्या भावांचा परिणाम दिसला नाही. एकाच आईच्या पोटच्या भावांचा दिसला, मग ते एकत्र वाढलेले नसले तरी. म्हणजे गोष्ट घरातली नसून पोटातली. मुलग्याच्या गर्भातल्या एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होत असावीत आणि दर खेपेला वाढत असावीत, असा त्यांचा कयास. २०१८ मध्ये त्याला थोडा प्रयोगशाळेतला आधारही मिळाला.

अलीकडे काही संख्याशास्त्रज्ञांनी हा परिणाम गणिताच्या मांडणीतून उद्भवलेला भास असू शकतो असा आक्षेप घेतलाय. दुसरीकडे नेदरलँड्सच्या ९० लाखांहून जास्त लोकांच्या सरकारी नोंदींत, समलिंगी विवाह कुणी केले हे पाहताना, तो पुन्हा दिसला. वाद चालू आहे.

पण गणित करून बघा. सुरुवातीची शक्यता शंभरात दोन धरली, तर तीन थोरले भाऊ असलेल्याची होते शंभरात पाचाच्या आत. बाकीची पंचाण्णव शेंडेफळं मुलींच्याच मागे असतात.

मेंदूतच फरक असतो ना?

१९९१ मध्ये सायमन लव्हे यांनी ४१ मृतदेहांचे मेंदू तपासले. हायपोथॅलॅमसमधला वाळूच्या कणाएवढा एक पेशीपुंज समलैंगिक पुरुषांत इतर पुरुषांच्या निम्म्याहून लहान सापडला. पण ते १९ समलैंगिक पुरुष सगळे एड्सनं गेलेले, आणि मेंदू आयुष्याच्या शेवटी पाहिलेला. फरक आधीचा की नंतरचा, कसं कळणार? लव्हे स्वतः म्हणत राहिले की मी यातून आनुवंशिकता सिद्ध केलेली नाही. २००१ मध्ये दुसऱ्या एका गटानं त्याच पुंजातल्या पेशी मोजल्या, तर पेशींच्या संख्येत कलानुसार फरक आढळला नाही.

वाढवतानाच वेगळं वळण लावलं असतं तर?

यावर एक उत्तर आहे, आणि ते मिळण्यासाठी काही मुलांनी फार मोठी किंमत मोजलीय.

विसाव्या शतकात काही मुलग्यांना, जन्मतःच्या शारीरिक दोषामुळे किंवा सुंता करताना झालेल्या अपघातामुळे, शस्त्रक्रिया करून मुलगी म्हणून वाढवलं गेलं. फ्रॉक, बाहुल्या, मुलीचं नाव, घरातल्या सगळ्यांनी पाळलेलं गुपित. संस्कारांनी कल ठरत असता तर ही मुलं मोठी होऊन पुरुषांकडे ओढली गेली असती. २०१६ मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी अशी प्रसिद्ध झालेली, मोठेपणीचा कल नोंदलेली सात प्रकरणं एकत्र मांडली. सातही जणांना आकर्षण वाटत होतं स्त्रियांचं. आकडा लहान आहे, मान्य. पण बाळसं धरल्यापासून चोवीस तास मुलगी म्हणून वाढवूनही जे हललं नाही, ते तीन वर्षं मामाकडे ठेवल्यानं हलेल का, हे मी त्या वहीवाल्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी वही मिटली नाही, पण पेन खिशात ठेवलं.

लहानपणी कुणीतरी गैरप्रकार केला, त्यामुळे झालं असेल?

सर्वेक्षणांत समलैंगिक आणि उभयलैंगिक लोक लहानपणीचे लैंगिक अत्याचार जास्त प्रमाणात सांगतात, हे खरं आहे. त्यावरून कारण ठरत नाही. अत्याचार झालेल्यांतले बहुसंख्य समलैंगिक नसतात आणि समलैंगिकांतल्या पुष्कळांवर असं काही झालेलं नसतं. जे मूल वेगळं दिसतं, एकटं पडतं, घरी सांगायला बिचकतं, त्याच्यावर अशा माणसाची नजर आधी जाते, हे त्या आकड्यांमागचं एक कारण असू शकतं.

तुमच्या मुलाबाबतीत असं काही घडलं असेल तर त्याची दखल स्वतंत्रपणे घ्या. तो गुन्हा आहे. मुलाच्या कलाचं स्पष्टीकरण म्हणून तो वापरायला लागलात, की मूल पुन्हा त्याबद्दल बोलणार नाही.

होस्टेल, मोबाइल, वेब सिरीज?

होस्टेलमध्ये समलिंगी संबंध येतात, आणि तिथून बाहेर पडलेले बहुतेक जण मुली बघून लग्नं करून मोकळे होतात. पापुआ न्यू गिनीतल्या एका जमातीत तर सगळ्याच मुलग्यांना वयात येताना वर्षानुवर्षं अशा विधींतून जावं लागे, असं मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट हर्ट यांनी नोंदवलंय. त्यातले बहुतेक पुढे स्त्रियांबरोबर संसार करत. मोबाइलनं कल मिळत नाही. शब्द मिळतो. पूर्वी हा शब्द मिळायला चाळिशी उजाडायची, तोवर दोन पोरं झालेली असायची.

मुलींच्या बाबतीतही हेच?

पूर्ण नाही, आणि इथं संशोधनही कमी झालंय, जे नेहमीचंच आहे. स्वीडनच्या त्याच अभ्यासात स्त्रियांमध्ये जनुकांचा वाटा १८-१९ टक्के आणि सामायिक वातावरणाचा १६-१७ टक्के आला. लिसा डायमंड यांनी अमेरिकेत ७९ स्त्रियांना दहा वर्षं सातत्यानं भेटून पाहिलं. दोनतृतीयांश जणींनी या काळात स्वतःबद्दलचं नाव निदान एकदा बदललं. ‘लेस्बियन’पासून ‘उभयलैंगिक’, तिथून ‘काहीच नाव नको’ असं. हे बदल कुणी आणलेले नव्हते, आणि बाहेरून आणता येतात असंही त्यातून निघत नाही. ‘मुलींचं बदलतं म्हणे’ एवढंच उचलून स्थळं बघायला सुरुवात करणारे पालक मी पाहिलेत, म्हणून स्पष्ट लिहिलं.

गर्भात पुरुषी संप्रेरकं जास्त मिळालेल्या मुलींचंही उदाहरण आहे. अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या एका जन्मजात आजारात असं होतं. त्यांच्यात स्त्रियांकडे ओढ असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, तरी बहुतेक जणींना पुरुषच आवडतात. संप्रेरकं एका बाजूला ढकलतात, पण निकाल लावत नाहीत.

प्राण्यांमध्ये असतं का?

असतं. मेंढ्यांवर अमेरिकेत चांगलं काम झालंय: सुमारे ८ टक्के मेंढे समोर माजावर आलेली मेंढी असूनही फक्त मेंढ्याकडेच जातात. पण हा मुद्दा फार ताणू नका. प्राणी स्वतःची पिल्लंही खातात.

हे सगळं परदेशी खूळ, आपल्याकडे हा विषयच नव्हता.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘आसेक्य’, ‘कुंभीक’ वगैरे पुरुषांचे प्रकार सांगून त्यांची कारणं गर्भधारणेच्या वेळच्या परिस्थितीत शोधलीत. बीज कमी पडलं, असं. चूक कारण आहे, पण प्रश्न तोच: हे आलं कुठून?

आणि जवळचं हवं असेल तर र. धों. कर्वे. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते आणि त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लोक प्रश्न विचारतात ते अज्ञान दूर व्हावं म्हणून, त्यांना उत्तर द्यायलाच हवं, आणि हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांच्या मते ही ओढ काहींमध्ये उपजत असते, अशी मांडणी त्यांनी केली. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तेव्हा मराठीत प्रश्नोत्तरांचं हे पान मी काही पहिल्यांदा लिहीत नाहीये.

पण जन्मजात आहे असं एकदा सिद्ध झालं, की लोकांची तोंडं बंद होतील ना?

मलाही असंच वाटायचं. म्हणून सुरुवातीची दोनेक वर्षं मी पालकांना जनुकं आणि मेंदू समजावत बसायचे, एखादा खटला लढवत असल्यासारखी. आता नाही करत.

व्हिएन्नात ऑयगेन श्टायनाख यांचा पक्का विश्वास होता की समलैंगिकता शरीरातून, वृषणांतून येते. म्हणजे जन्मजात बाजूचेच. त्यातून काय निघालं? पहिल्या महायुद्धाच्या काळात समलैंगिक पुरुषांची वृषणं काढून दुसऱ्या पुरुषांची बसवण्याच्या शस्त्रक्रिया. पुढे १९४४ मध्ये बुखनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टरनं कैद्यांच्या शरीरात संप्रेरकांच्या कुप्या पुरल्या. शारीरिक कारण म्हटलं की शारीरिक ‘इलाज’ शोधणारे येतात.

आणि आपलं घरचं उदाहरण तर अजून ताजं आहे. मुलगी असणं शंभर टक्के जन्मजात आहे, याबद्दल कुणाचा वाद नव्हता. सोनोग्राफीत ते दिसायला लागल्यावर आपण काय केलं? १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राला करावा लागला. उद्या खरंच ‘तशी’ टेस्ट निघाली, तर टेस्ट विचारणारे तुम्ही ती कशासाठी वापरणार आहात?

कोर्टानं काय म्हटलंय?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सज्ञान व्यक्तींच्या संमतीनं झालेले समलिंगी संबंध, ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. निकालात लैंगिक कल नैसर्गिक, उपजत असल्याचं म्हटलंय. पण न्या. चंद्रचूड यांनी त्याच निकालात उलटा सवालही टाकलाय: नैसर्गिक काय आणि अनैसर्गिक काय, आणि ते ठरवणार कोण? मला हा जास्त भक्कम वाटतो. तुमचा धर्म जन्मजात नसतो, उद्या बदलता येतो, तरी घटना त्याला संरक्षण देते. विवाहाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाली नाही.

प्रयत्न केला तर बदलता येईल ना? लग्न करून दिलं तर?

मी जन्माची डावरी. पंगतीत डावा हात पानाला लागला की आजी मांडीला चिमटा काढायची, शाळेत पट्टी बसायची. आज मी उजव्या हातानं जेवते, उजव्या हातानं लिहिते, अक्षरही बरं आहे. ओट्यावरून पातेलं घरंगळलं की झेलायला पुढे येतो तो डावाच. वागणं बदलता येतं. भरपूर मार खाल्ला तर पुष्कळच बदलता येतं.

कल बदलण्याच्या ‘उपचारां’त विजेचे झटके, ओकारीची औषधं, प्रार्थना, सगळं झालंय. रॉबर्ट स्पिट्झर हे १९७३ मध्ये समलैंगिकतेला मनोविकारांच्या अमेरिकी यादीतून वगळण्यात पुढाकार घेणारे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनीच २००३ मध्ये २०० जणांच्या फोनवरच्या मुलाखतींवरून ‘काही जण बदलतात’ असं लिहिलं. २०१२ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी जाहीर माफी मागितली: लोक स्वतःबद्दल सांगत होते ते खरं आहे का हे तपासायचा मार्गच माझ्याकडे नव्हता.

लग्नाबद्दल एवढंच, की त्यात दुसऱ्या घरची एक मुलगी असते. तिला कुणी विचारलेलं नसतं.

हार्मोनची तपासणी करून घेऊ का?

नको. प्रौढ समलैंगिक पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये काही कमतरता नसते. बाहेरून दिलं तर इच्छा वाढेल, तिची दिशा बदलणार नाही. एक बाई मुलाची पूर्ण फाइल घेऊन आल्या होत्या: टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अगदी बी-ट्वेल्व्हसुद्धा. सगळे रिपोर्ट नॉर्मल होते आणि त्या रडत होत्या. काहीतरी कमी निघेल आणि ते भरून काढता येईल, या आशेवर तीन लॅब झाल्या होत्या.

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचंच नाही का?

तसं नाही. मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जिवाचं काही बोलत असेल तर आजच न्या. तुमचीच झोप उडाली असेल तर तुम्ही जा. फक्त पहिल्या भेटीत विचारा, ‘डॉक्टर, कल बदलता येतो असं तुम्हाला वाटतं का?’ जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्ये काढली, आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०१८ मध्ये तो आजार नसल्याचं जाहीर केलं, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असे ‘उपचार’ करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा उत्तर ‘हो, आठ-दहा सिटिंगमध्ये’ असं आलं, तर मुलाला घेऊन उठा. फी गेली तर गेली.